छत्तिसाव्या बरणीनंतर

प्रिय बारक्या,

तुला ऑफिसात सगळे साहेब म्हणतात, हे मला माहीत आहे. परवा हातात पडलेल्या त्या जाड अहवालाच्या पहिल्या पानावर तुझ्या नावाच्या आधी डॉक्टर आहे आणि नंतर चार पदव्या, तेही पाहिलं. पण माझं डोकं फिरलं की तू माझ्यासाठी बारक्याच असतोस, आणि आत्ता ते इतकं फिरलंय की खुशाली विचारायचंही सुचत नाही. तुम्ही सगळे धडधाकट असाल असं धरून चालते. आधी फोनच करणार होते, दोनदा लावलाही. पण फोनवर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो" म्हणतोस आणि तुझं ते नंतर कधी उगवत नाही. पत्राला मध्येच गप्प करता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. तूही नीट बसून वाच. मुख्य म्हणजे गुरुवारच्या आत वाच.

गुरुवारी अकरा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात आपल्या तळ्याची सुनावणी आहे. तळं उपसायचं, तळाचा चिखल हातभर खरवडून काढायचा, त्यावर जाड प्लास्टिकचं कापड अंथरायचं, वर धुतलेली खडी पसरायची आणि मग स्वच्छ पाणी सोडायचं, अशी ती योजना. काम उन्हाळ्यात करायचं, कारण उन्हाळ्यात त्या चिखलात मरण्यासारखं काही नसतं. हे मी म्हणत नाही, तू म्हणतोस. पान चौदा. ते पान मी तीनदा वाचलं. आधी वाटलं चष्मा बदलायला झालाय. "उन्हाळ्याच्या सहा महिन्यांत तळाचा थर जैविकदृष्ट्या जवळपास रिकामा असतो. पाण्यात तयार झालेली ऊर्जा वरच्या वर खर्च होते व तळापर्यंत पोचत नाही. हे पूर्वीच्या सविस्तर अभ्यासातून सिद्ध झालेले असल्याने नव्याने नमुने घेण्याची आवश्यकता वाटली नाही." आवश्यकता वाटली नाही! एवढ्या मोठ्या तळ्यावर झाकण घालायला निघालात आणि एक मूठ चिखल उचलून बघायची आवश्यकता वाटली नाही? भाजी घेताना चार वांगी दाबून बघतोस की नाही? वाचताना माझे कान तापले होते, आणि तळ्याच्या अभ्यास केंद्रातला, माझ्या जुन्या नोकरीतला तो कारकून, ज्याने मला ही प्रत आणून दिली, तो बिचारा समोर उभा राहून "ताई, पाणी आणू का?" विचारत होता.

पुढे पान बावीसवर चित्र. ते कोणी काढलं? तू काढलं असशील तर मला सांगूच नकोस. वर गोल हसरा सूर्य, त्याखाली हिरवं शेवाळ, मग छोटा मासा, मग मोठा मासा, मग एक पक्षी, आणि मधे बाण. शाळेच्या भिंतीवर टांगतात तशी सरळसोट शिडी. आणि चिखल कुठे आहे? चिखल नाहीच! तळाशी एक तपकिरी पट्टा मारलाय, त्याला एकही बाण लागत नाही आणि त्यातून एकही निघत नाही. अरे, तू केंद्रात लहानाचा मोठा झालास. तुला काय सांगायचं की शेवाळाचं ताजं ताजं खाणारे थोडेच असतात. बहुतेक शेवाळ कोणाच्या तोंडी न लागता मरतं, भुरूभुरू खाली बसतं आणि चिखलातल्या अळ्यांच्या पोटात जातं. ऊन आधी पानात जातं की नाही, तसं आपल्याकडे ते आधी चिखलात जातं आणि मग वर येतं. अळ्यांची चिलटं होतात, पाण्यावर येऊन पंख वाळवतात आणि उडतात. त्यांच्यावर मासे, कोळी, पाकोळ्या, संध्याकाळची वटवाघळं, सगळ्यांचं पोट. त्यातले निम्मे तर पाण्यात कधी पायही घालत नाहीत, तरी जगतात तळ्याच्या जिवावर. तुझ्या चित्रातला तो पक्षी मोठा मासा गिळतोय. आपल्या पुलाखालच्या पाकोळीने मोठा मासा गिळला तर मला फोन कर, मी मीटिंगमध्ये असले तरी घेईन.

तुला आठवतं का, हे सगळं तू कुठे बसून शिकलास? उलट्या बादलीवर. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी एकोणीसची. बाबांची कारखान्यातली पाळी संपेपर्यंत तुला घरी एकटं ठेवायला नको म्हणून शाळा सुटली की तुला केंद्रात आणायचे. मोठ्या बाई, आपल्या केंद्रप्रमुख, पहिल्या दिवशी नाक मुरडून म्हणाल्या होत्या की ही काही पाळणाघराची जागा नाही. आठवड्याभरात त्यांनीच तुझ्या हातात चिमटा दिला. मी होडीतून चिखल आणायचे. तो लोखंडी पंजा दोरीने खाली सोडायचा, तो तळाचा घास घेऊन वर यायचा, घास बादलीत, बादलीतून चाळणीत, वरून पाण्याची बारीक धार. चिखल वाहून गेला की चाळणीत उरेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये उपडं करायचं, आणि मग तू. तुझे डोळे माझ्यापेक्षा तेज होते, हे मी आजही कबूल करते. लाल अळी वळवळली की तू किंचाळायचास. एकदा एका ट्रेमधून तू दोनशे अळ्या मोजल्यास आणि मोठ्या बाईंना विचारलंस की एवढ्या अळ्या खाऊन एका पाकोळीचं पोट किती दिवस भरतं. त्यांनी फळ्यावर जायला लावलं तुला. खाल्लेल्यातलं दहातलं एक अंगी लागतं, उरलेलं हालचालीत, श्वासात, उबेत संपतं, आणि संपलेलं परत येत नाही. माती फिरून फिरून तीच वापरता येते, ऊन मात्र रोज नवं लागतं. तू घरी येऊन बाबांच्या ताटातल्या पोळीचे दहा तुकडे केलेस आणि नऊ उचललेस. बाबा उपाशीपोटी हसत होते.

तेच बाबा असते तर गुरुवारी तुझा कान धरून सभागृहात घेऊन गेले असते. आता ते काम माझ्याकडे आलंय, आणि माझी निवृत्ती होऊन सहा महिने झाले, त्यामुळे माझ्याकडे वेळही भरपूर आहे.

मागच्या आठवड्यात नगरपालिकेचा इंजिनिअर तळ्याकाठच्या बागेत लोकांना योजना समजावून द्यायला आला होता. पोरगा वाईट नाही. कपाळावरचा घाम पुसत पुसत तो नकाशा दाखवत होता, आणि नकाशात पाणी असं निळं की जणू कोणी शाई सांडली. तळ स्पष्ट दिसेल, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, पाकोळ्यांनी काय खायचं? तो म्हणाला, पक्ष्यांना सवय होईल. कशाची सवय होईल, उपाशी राहायची का, असं मी विचारल्यावर लोक हसले, पण माझ्या बाजूने नाही हसले, मला हसले. आमच्या वरच्या मजल्यावरचे वकील तर उभे राहिले आणि म्हणाले की या बाईंचं आयुष्य चिखलात गेलं, त्यामुळे यांना चिखलाचा लळा आहे. हे वकील म्हणजे चिलटांविरुद्धच्या अर्जाचे पहिले सहीदार. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला चिलटं चिकटतात, चहात पडतात. चावत नाहीत रे ती, कुणालाच चावत नाहीत, त्यांना धड तोंडही नसतं. पण यांच्याच बाल्कनीत पाकोळ्यांची तीन घरटी आहेत, आणि आल्यागेल्याला हात धरून नेऊन ते पिल्लं दाखवतात. ती पिल्लं कशाची बनली आहेत असं यांना वाटतं? खडीची? मी तोंड उघडणार तेवढ्यात तो इंजिनिअर अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, हे आम्ही नाही ठरवलं. उन्हाळ्यात चिखल रिकामा असतो, हे तुमच्याच भावाने सिद्ध केलंय." आणि सगळी बाग माझ्याकडे वळून बघायला लागली. मी पिशवी उचलली आणि घरी आले.

येताना पुलावरून आले. संध्याकाळची वेळ, कडक उन्हाळा, आणि पाण्यावरून चिलटांचे खांबच्या खांब वर चढत होते. कठड्याच्या प्रत्येक गजावर कोळ्याचं जाळं, आणि प्रत्येक जाळं गच्च भरलेलं. पाकोळ्या पुलाखालून इतक्या जवळून सुटत होत्या की माझा पदर हलत होता. गळ टाकून बसणारा आपला तो म्हातारा तिथेच होता. त्याने मला पाहून तोंडावरची चिलटं झटकली आणि वैतागाने मान हलवली. आता मला एक सांग. डोकं शांत ठेवून सांग. उन्हाळ्यात तळ रिकामा असतो, तर ही येतात कुठून? आकाशातून पडतात? बाजारातून आणून सोडतो का कोणी? तू दर उन्हाळ्यात दोन दिवस माझ्याकडे येतोस, त्याच पुलावरून येतोस, गाडीच्या काचेवरची चिलटं माझ्या दारात उभा राहून पुसतोस, आणि कागदावर लिहितोस की चिखल रिकामा. बावीस वर्षं झाली तुझ्या प्रबंधाला. बावीस वर्षांत एकदाही तुला वाटलं नाही की जाऊन एक पंजा चिखल काढावा आणि बघावं? लोक तुझ्या नावाने तो सिद्धांत शिकवतात म्हणे, 'उपाशी तळ'. व्याख्यानांना बोलावतात, शाल घालतात. पण समोर नाचणाऱ्या चिलटांनी कधी तुझी झोप उडवली नाही? विद्वान माणसाला स्वतःचं जुनं लिखाण डोळ्यांपेक्षा खरं वाटायला लागलं की काय करायचं, मला कळत नाही. मी शिकलेली नाही, पण मला दिसतं.

तर मी घरी बसून चरफडत राहिले नाही. शनिवारी केंद्रात गेले. माझ्या जागेवर आलेली बाई हुशार आहे, दोन मुलांची आई आहे, पण तिला आजवर कोणी पंजा सोडायला सांगितलेलंच नाही. तिचा सगळा दिवस कॉम्प्युटरवर पाण्याचे आकडे भरण्यात जातो. मी म्हटलं, चल, होडी काढ. दोघी मिळून तुझ्या प्रबंधातल्या जुन्या जागेवर गेलो, तेच ते दोन पोपटी रंगाच्या खांबांमधलं पाणी. पंजा सोडला. माझ्या मनगटात कळ आली, पण वजन ओळखीचं होतं. चिखल काळाभोर, लोण्यासारखा मऊ. आल्यावर मी त्याचे दोन सारखे भाग केले. एक भाग बारीक चाळणीतून धुतला, अर्ध्या मिलिमीटरच्या. दुसरा मुद्दाम जाड चाळणीतून धुतला, दोन मिलिमीटरच्या, जी फक्त शिंपले आणि काटक्या अडवायला असते. ट्रेमध्ये घेऊन आम्ही दोघींनी वेचायला सुरुवात केली, आणि ती बाई पहिल्या पाच मिनिटांत किंचाळली, अगदी तुझ्यासारखी. बारीक चाळणीच्या ट्रेमध्ये तीनशे चाळीस अळ्या निघाल्या. उन्हाळ्यातल्या अळ्या बारीक असतात, दोऱ्यासारख्या. ऊब असते, त्या भराभर वाढतात आणि मोठ्या व्हायच्या आधीच उडून जातात. म्हणून जाड चाळणीतून त्या पाण्याबरोबर सरळ मोरीत जातात. जाड चाळणीच्या ट्रेमध्ये किती निघाल्या असतील? एकोणीस. मी आकडा वहीत लिहिला आणि माझा हात थांबला, कारण तो आकडा माझ्या ओळखीचा होता. तुझ्या प्रबंधातल्या उन्हाळ्याच्या तक्त्यात सगळे आकडे असेच आहेत. एकोणीस, बावीस, सतरा, एकवीस.

बारक्या, आता जरा थांब आणि पाणी पी. मी पण पिते. इथवर मी तुझ्यावर ओरडत आले, आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण माझा अर्धा राग ज्या माणसावर आहे, ते माणूस मी अजून तुला दाखवलेलं नाही. तुला तो उन्हाळा आठवतो का, तुझ्या काविळीचा? तुला काय आठवणार, तू पंधरा दिवस उशीत तोंड खुपसून पडला होतास, डोळे हळदीसारखे. प्रबंधाच्या बहात्तर बरण्या होत्या. दर महिन्याच्या सहा, वर्षाच्या बहात्तर, औषधात बुडवून फळीवर ओळीने लावलेल्या. हिवाळ्याच्या छत्तीस आपण दोघांनी मिळून धुतल्या होत्या. उन्हाळ्याच्या छत्तीस तशाच राहिल्या होत्या, आणि प्रबंध द्यायला उरले होते बारा दिवस. तो दिला नसता तर संशोधन संस्थेतली तुझी ठरलेली नोकरी दुसऱ्याला गेली असती. त्यांचं पत्र घरी आलं होतं, त्यात तसं स्पष्ट लिहिलं होतं. तू तापात तेच बडबडत होतास. सकाळी तुझं पथ्याचं करून मी केंद्रात जायचे, दिवसभर नेहमीचं काम, आणि पाच वाजल्यापासून तुझ्या बरण्या. सदतिसावी बरणी मी बारीक चाळणीतूनच धुवायला घेतली. देवाशपथ, बारीकच घेतली. पण त्या वर्षी शेवाळ अमाप आलं होतं, चिखलात त्याच्या नुसत्या जटा. चाळण क्षणाक्षणाला तुंबायची, नखांनी मोकळी करायची, पुन्हा तुंबायची. पाऊण तास धुण्यात गेला आणि ट्रेमधून वेचायला तीन तास लागले असते. मी उभ्याउभ्या हिशेब केला. छत्तीस बरण्या, बारा दिवस, आणि घरी तू. मग मी खिळ्यावरची जाड चाळण काढली आणि तीच बरणी तिच्यातून पुन्हा धुतली.

छत्तीसच्या छत्तीस बरण्या मी जाड चाळणीतून धुतल्या, आणि वहीत मात्र रकान्याच्या डोक्यावर आधीचंच लिहिलं राहू दिलं, अर्धा मिलिमीटर. मनाची समजूत घातली की मोठ्या अळ्यांवरून अंदाज येईलच, फार तर आकडे थोडे कमी येतील, तेही सगळे सारखेच. वाटलं, तू बरा झालास की सांगेन, मग आपण दोघं बसून काहीतरी मार्ग काढू. तू बरा झालास. पहिल्यांदा उशीला टेकून बसलास, मांडीवर वही घेतलीस, आणि पाचच मिनिटांत तुझा तो पिवळा चेहरा असा उजळला की बस. "ताई, हे बघ! उन्हाळ्यात तळ उपाशी राहतो. वरच्या वर सगळं संपतंय. हे कोणालाच माहीत नाहीये गं!" कित्येक दिवसांनी त्या दिवशी तू पोटभर जेवलास. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं, आणि त्याच तोंडाने म्हणाले, "भात अजून वाढू का?" दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंना तक्ता बघून शंका आली. त्यांनी मला आत बोलावलं आणि एकच विचारलं, उन्हाळ्याच्या बरण्या कोणी धुतल्या? मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, मग प्रश्नच मिटला. त्यांनी सही केली. आणि तू प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार मानलेस, ते वाक्य मला अजून पाठ आहे, की माझ्या बहिणीच्या हातांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. बावीस वर्षं मी ते पान कपाटात ठेवलंय आणि कोणाला दाखवलेलं नाही. तुझी शाल, तुझी व्याख्यानं, पेपरात आलेला फोटो, प्रत्येक वेळी वाटायचं की आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की एका तक्त्याने कोणाचं काय बिघडणार आहे. आता बघ कोणाचं काय बिघडतंय. तो तक्ता पुढे करून ते तळ्यावर प्लास्टिक घालायला निघालेत.

म्हणून हे पत्र. मी गुरुवारी सभागृहात जाणार आहे. दोन्ही चाळण्या, दोन्ही ट्रे आणि बादलीभर ताजा चिखल घेऊन जाणार आहे, त्या वकिलांच्या समोर धुणार आहे, आणि सगळ्यांना सांगणार आहे की बावीस वर्षांपूर्वीच्या त्या छत्तीस बरण्या मी चुकीच्या चाळणीतून धुतल्या आणि वहीत खोटं लिहिलं, आणि माझ्या भावाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानंतर तुझ्या 'उपाशी तळा'चं काय होईल, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तुझी खुर्चीही हलेल कदाचित. हे तुला चारचौघांत, परक्या लोकांच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी आधी लिहिलं. तू माझ्यावर कितीही चीड, फोन करू नकोस, घरी येऊ नकोस, आयुष्यभर बोलू नकोस, मला तो राग मान्य आहे. पण गुरुवारी ये. आणि माझ्या आधी तू उठलास, तुझे उन्हाळ्याचे आकडे चुकीचे आहेत, चिखल पुन्हा काढून मोजल्याशिवाय कोणी तळ्याला हात लावायचा नाही, असं तुझ्या तोंडाने म्हणालास, तर तुझं नाव निदान तुझ्या हातात राहील. फक्त एक कर. ते सांगताना बरण्या कोणी धुतल्या, ते लपवू नकोस. त्या उन्हाळ्यात मी तुला वाचवायला गेले होते, आणि त्यातून काय झालं ते आपण दोघं बघतोच आहोत. तू मला वाचवायला जाऊ नकोस.

अजून रागातच असलेली, तरीही तुझीच,
ताई